सुरीचा खिसा

सगळ्या संसारात नवऱ्यानं स्वतःच्या हातानं मला एकच वस्तू करून दिली. सुरी. आन् ती दुसरीच्या कपाटात जाऊन बसली. आता तुम्हीच सांगा, बाईनं जळायचं न्हाई तर काय करायचं?

मी अनिता. न्हावऱ्यात आमचं घर, मागं कांद्याची चाळ, पुढं गोठा. नवरा रांजणगावच्या एमआयडीसीत टूलरूमला हाय, हत्यारं-साचं बनवायच्या खात्यात. नाव माऊली, पण ते मी घेत न्हाई. आमचे 'हे' म्हणलं की सगळ्यांना कळतं. ह्यांना बोलायचं वावडंच. कालवण कसं झालंय म्हणून इचारलं तर वाटी पुढं करत्यात. म्हंजी चांगलं झालंय, वाढ. गजरा आणणं, फिरायला नेणं, असलं काही आमच्या नशिबात न्हाई.

नवी नवरी व्हते तवा आत्यांच्या विळीवर माझं बोट कापलं. आत्या म्हंजी माझी सासू, तुळजाबाई. ती विळी त्यांच्या माहेरची, मांडवगण फराट्याची. जड आन् तापट, अगदी मालकिणीवर गेलेली. माझ्या बोटातनं रक्त गळतंय आन् आत्या म्हणत्यात, "माहेरी काय दगडानं चिरत व्हतीस का गं?" हे दारात उभं राहून बघत व्हते. एक शब्द बोलले न्हाईत. पुढच्या सुट्टीला मात्र पिशवीतनं कागदात गुंडाळलेली सुरी काढली आन् ओट्यावर ठिवली. कंपनीत लोखंड कापायच्या करवतीचं मोठं पातं असतंय, एक्सा ब्लेड म्हणत्यात त्याला. झिजलं की भंगारात जातं. सायबाला इचारून त्यातलं एक घेतलं आन् जेवणाच्या सुट्टीत घासून घासून त्याची सुरी केली. काळी फायबरची मूठ, मुठीला तीन पितळी रिव्हेट. "कांद्याला चालंल," एवढंच म्हणले. मी त्या दिशी गरज नसताना शेरभर कांदा चिरला.

पण ह्या लोखंडाचं एक हाय. बाजारातल्या चकचकीत सुऱ्यांवाणी त्याला ओलं ठिवून चालत न्हाई, गंज धरतं. चिरून झालं की लगीच पुसायची, कोरडी करायची, खोबऱ्याच्या तेलाचं बोट फिरवायचं. मी एक दिस चुकवला न्हाई. थोरल्या लेकीच्या वेळी माझ्या बाळंतपणाला आत्या म्हणल्या, उशाखाली लोखंड पायजे. मी हीच सुरी ठिवली. बाळाला धार लागू नये म्हणून ह्यांच्या कंपनीच्या जुन्या निळ्या शर्टाचा खिसा उसवला, त्याला खालनं दुहेरी शिवण मारली आन् सुरी त्यात घातली. नंतर तोच खिसा सैपाकघरात खिडकीच्या बाजूला खिळ्याला अडकवला. आत्यांचा नियम, घरात धार उघडी ठिवली की भांडणं लागत्यात. विळी सुद्धा कामाखेरीज आडवी, तोंड भिंतीकडं. माझी सुरी खिशात बसायची, मूठ तेवढी वर. आत्यांना त्यात कवा खोट काढता आली न्हाई, आन् आत्यांना खोट काढता येत न्हाई म्हंजी बघा.

हे सगळं ठीक चाललं व्हतं. मग ह्या वैशाखात धाकट्या दिराचं, पप्पूचं लग्न ठरलं. पप्पूचं शिरूरला मोबाईलचं दुकान. पोरगी खुटबावची, भीमा वलांडली की दौंड तालुक्यातली. सविता नाव.

आमच्यात हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार देत्यात, टोकाला लिंबू खोचून. लग्न लागंस्तवर हातातनं सोडायची न्हाई. भावकीची एक पितळी मुठीची कट्यार हाय, सगळ्यांच्या लग्नाला तीच फिरती. पण त्याच तिथीला मांडवगणला भावकीतलंच दुसरं लग्न, कट्यार तिकडं गेलेली. हळदीच्या मांडवात हे ध्यानात आलं. आत्यांनी आरडाओरडा केला, "अरं लोखंडाचं काहीतरी आना रं, पोरगं मोकळ्या हातानं बसलंय!" हे उठले. सैपाकघरात गेले. आन् बाहेर आले ते माझी सुरी घेऊन. लिंबू खोचलं आन् दिली भावाच्या हातात.

मी हळदीची परात घेऊन समोर उभी. मला इचारायचं तर सोडाच, माझ्याकडं बघितलं सुद्धा न्हाई. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भरल्या मांडवात बोलणार काय? दोन दिसांनी येईल परत, असं म्हणून मूग गिळून बसले.

लग्न झालं, सत्यनारायण झाला, जागरण गोंधळ झाला. खिसा रिकामाच. शेवटी पप्पूला इचारलं, "भावजी, माझी सुरी कुठाय?"

"ती व्हय? सवितानं ठिवलीय कपाटात. लग्नाची हाय म्हणली, जपून ठिवायची."

लग्नाची! माझ्या सुरीचं लग्न झालं आन् मला पत्ता न्हाई! मी आत्यांकडं गेले. म्हणलं, एवढ्या बाबतीत तरी आत्या माझ्या बाजूनं बोलत्याल. तर त्या म्हणल्या, "राहू दे की तिच्याकडं. नवरदेवाच्या हातातली हाय, तिच्या पहिल्या बाळंतपणाला उशाखाली घालायला व्हईल. तू कशाला जीव टाकतीस? सुऱ्यांना काय तोटा हाय का घरात?"

तोटा नव्हताच. सविताच्या मामानं आहेरात सुऱ्यांचा सेट दिला व्हता. लाकडी ठोकळा, त्याला सहा खाचा, सहा खाचांत सहा सुऱ्या. आल्या आल्या तिनं तो ओट्यावर मधोमध मांडला. मला वाटलं, आता आत्या हिला धरत्याल. मी कवा भाजीचा विळा जरा उघडा ठिवला तर माझा आजा-पणजा काढणारी बाई! तर आत्यांनी ठोकळ्याला गोल फेरी मारली आन् म्हणल्या, "बरं हाय की. धार आत, मुठी वर. कुठं हाय ते शोधत बसायला नको." माझ्या खिशाला इतक्या वर्सांत 'बरं हाय' म्हणल्या नव्हत्या.

आन् खरं सांगते, त्या सुऱ्या चांगल्या व्हत्या. टोमॅटो कसा पातळ निघायचा! त्याचाच जास्त राग यायचा.

बरं, सुरी कपाटात गेली म्हंजी नजरंआड झाली असंबी न्हाई. लग्नाचा मोठा फोटो हॉलमधी लागला. पप्पू फेटा बांधून उभा, शेजारी सविता, आन् पप्पूच्या हातात माझी सुरी. फोटोवाल्यानं तिच्यावर असा उजेड पाडलेला की तीन रिव्हेट मोजून घ्यावेत. टीव्ही बघायला बसावं तर समोर ती. पाहुणं आलं की सविता कौतुकानं सांगायची, "आमच्या लग्नातली सुरी ती. हातानं केलेली हाय, असली कुणाकडंच नसंल." कुणाच्या हातानं ते सांगायची न्हाई. मी चहाचं कप गोळा करत ऐकायची आन् आतनं नुसती धुमसायची.

आन् त्या दोघांचं सगळंच तसलं. दुकान बंद करून पप्पू यायचा तो गजरा घेऊनच. कवा आईस्क्रीम, कवा हिला मागं बसवून चौफुल्याला भेळ खायला. एकदा तर मी बघितलं, तो हिच्या पायाला नेलपॉलिश लावत व्हता. माणसाला लाज! पण ते बघून मी तिथनं हलले न्हाई, हे बी खरं. म्हणलं, हिला सगळं हाय. गजरा हाय, भेळ हाय. माझ्याकडं एक सुरी व्हती, ती बी हिलाच पायजे व्हती का?

खिसा मी रिकामाच ठिवला. दुसरी सुरी त्यात घातली न्हाई. एक दिस सकाळी बघते तर खिशात गॅसचा लायटर! सविता म्हणली, "रिकामा लटकत व्हता ताई, म्हणलं उपयोगाला आणावा."

मी लायटर उपसला आन् ओट्यावर असा आपटला की त्याचा चाप उडाला. "माझ्या खिशाला हात लावायचा न्हाई!" सविता घाबरून बघायलाच लागली. तिला वाटलं असंल, थोरली जाऊ येडी झाली. त्या दिसापासनं मी तिच्याशी कामापुरतंच बोलायला लागले. पीठ दे. पाणी आलंय. गाय सोडलीय. बास.

एकदा भाकरी करता करता ह्यांना म्हणलं, "तसली दुसरी करून आणा की मला."

"आता कुठं," हे म्हणले. "ती करवत गेली. आता पट्ट्याची आलीय, तिचं पातं कागदावाणी. आन् गेटवर तपासत्यात." मग भाकरी मोडत म्हणले, "सुरी सुरी काय करतीस? ठोकळ्यात सहा हायत."

लागलं. लई लागलं. म्हंजी ह्यांच्या लेखी ती नुसती सुरी व्हती, कांद्याला चालंल असली. मीच खुळी, तिच्यात काय काय बघत बसलेली. त्या दिशी मी भाकरी करपवली आन् करपलेलीच वाढली. ह्यांनी गुमान खाल्ली.

असं करत खंडेनवमी आली.

दसऱ्याच्या आदल्या दिशी आमच्याकडं सगळी हत्यारं धुऊन पुजायची. ओसरीवर पोतं अंथरलं. कोयतं, खुरपी, विळं, कांदा काटायचं छोटं विळं, कुऱ्हाड, ह्यांचे पाने, ट्रॅक्टरचं चाक काढायची टॉमी, आत्यांची विळी, सगळं वळीनं मांडलं. सवितानं ठोकळा आणून ठिवला. तिला चौथा म्हैना लागलेला, जपून वाकत व्हती. आत्यांनी हळद-कुंकवाचं ताट घेतलं आन् म्हणल्या, "सविता, ती लग्नातली सुरी बी आन गं. आजच्या दिशी तिची पूजा पायजे."

मी मनाशी ठरवलं. म्हणलं, आज पोत्यावर आली की उचलायची आन् सरळ खिशात घालायची. मग कोण काय म्हणतंय ते म्हणू दे. माझी वस्तू हाय, माझ्या नवऱ्यानं माझ्यासाठी केलीय. मी मनात वाक्य सुद्धा जुळवून ठिवलं.

सवितानं कपाटातनं पिशवी आणली. प्लास्टिकची पिशवी, तिच्यात हळदीचा रुमाल, रुमालात सुरी. तिनं रुमाल उलगडला आन् तिच्या तोंडातनं "अगंबाई" निघालं.

टोकाला अजून लिंबू व्हतं. वैशाखातलं. वाळून सुपारीवाणी काळं झालेलं. हिनं लग्नातनं सुरी आणली ती तश्शीच, लिंबासकट, ओल्या रुमालासकट पिशवीत बांधून ठिवलेली. आठवण म्हणून! त्या आंबटानं पातं खाऊन टाकलं व्हतं. टोकाकडं नुसता काळा-तांबडा चुरा, मधी खड्डं, धार म्हणून काही उरलेली न्हाई. रुमालाला गंजाचा डाग पडलेला, सुरीचा अख्खा आकार उमटलेला.

जुळवलेलं वाक्य कुठल्या कुठं गेलं. मी ओरडले, "खाल्लीस! माझी सुरी खाल्लीस! लिंबू तरी काढायचं गं भवाने! जपून ठिवली म्हणं!" सविता रडायला लागली. पप्पू म्हणला, "वहिनी, एका सुरीवरनं..." मी म्हणलं, "तुम्ही बोलूच नका भावजी! एका सुरीवरनं म्हणं! तुम्हाला रोज आणायला गजरं हायत, मला ही एकच व्हती!" आत्या ताट धरून उभ्याच राहिल्या.

मग मी ह्यांच्याकडं वळले. खरा राग तिथंच व्हता. "आन् तुम्ही! तुम्ही का दिली? सगळ्या घरात तुम्हाला माझीच सुरी सापडली? मला इचारलं बी न्हाई!"

हे खाली बसले. सुरी हातात घेतली, लिंबू उपटून बाजूला टाकलं, अंगठ्यानं पातं चाचपलं. माझ्याकडं न बघताच म्हणले, "मग कुठली देऊ? भावाच्या हातात गंजकी देऊ? घरातल्या सगळ्या बघितल्या मी. डाग न पडलेली ही एकच व्हती. रोज तेलाचं बोट फिरवतीस, मला दिसत न्हाई व्हय?" पातं उलटं केलं. "टूलरूममधी बी कुणी हत्यार असं ठिवत न्हाई. चांगल्या कामाला घरातली चांगली वस्तू द्यावी म्हणून दिली."

इतकं लांब ह्यांना बोलताना मी कवा ऐकलं नव्हतं. रोज बघत व्हता हा माणूस! कालवणाला चांगलं म्हणत न्हाई, पण तेलाचं बोट बघत व्हता. मला रडू आलं आन् आता रडण्यात राग किती आन् दुसरं किती, हे मला सांगता यायचं न्हाई.

"पूजा थांबव जरा," हे आत्यांना म्हणले आन् सुरी घेऊन गोठ्याकडच्या दगडावर बसले. आधी खाल्लेलं टोक कापून टाकलं, मग कानस, मग दगड, मग पॉलिश पेपर. नुसता घासायचा आवाज. सुरी परत आली ती आखूड झाली व्हती, अंगावर खड्ड्यांचं बारीक डाग तसंच, पण धार अशी की हातावरचा केस उडावा. ह्यांनी ती पोत्यावर ठिवली न्हाई. माझ्यापुढं जमिनीवर ठिवली, कारण एरवी धारेची वस्तू हातात देत न्हाईत. मी उचलून पोत्यावर मांडली. आत्यांनी हळद-कुंकू वाहिलं.

दुपारी मी खिसा खिळ्यावरनं काढला. सुरी घातली तर अर्धी मूठ आत बुडाली. खिसा मोठा, सुरी बारकी. म्हणून सुई-दोरा घेऊन बसले, खालची शिवण वर घ्यायला. सविता दारात येऊन उभी राहिली. डोळं सुजलेलं.

"ताई, मला काय ठावं. ठोकळ्यातल्या पाण्यात टाकल्या तरी काही व्हत न्हाई. मला वाटलं ही बी तसलीच."

"इचारायचं."

"कसं इचारणार? तुम्ही बोलत कुठं व्हता माझ्याशी?"

मी दोरा तोडला.

ती खाली बसली. "खरं सांगू? मला ती द्यायचीच नव्हती. आमच्या ह्यांनी सांगितलं, दादानं वहिनीसाठी हातानं केलीय. माझ्याकडं सगळं हाय ताई, पण सगळं डब्यातनं आलेलं. गजरा उद्याला सुकतो. मोठे भावजी तुमच्यासाठी जेवणाची सुट्टी सोडून घासत बसले. आमचे हे माझ्यासाठी काय घासणार? मोबाईलची काच?"

अग्गं बाई! म्हंजी मी हिच्या गजऱ्यावर जळत व्हते आन् ही माझ्या सुरीवर! लपवत न्हाई, मला इतकं गार वाटलं, इतकं गार वाटलं, की लोखंड गंजल्याचं अर्धं दुख गेलं. माझ्यावर पण कुणी जळावं असं माझ्याकडं काही हाय, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"मी पण असा खिसा करू का?" तिनं इचारलं. "ह्यांच्या शर्टाचा?"

"तुझा नवरा टी-शर्ट घालतो. त्याला खिसा कुठाय?"

ती रडता रडता हसली. मला बी हसू आलं. मग मी शिवण पुरी केली, सुरी आत घातली. बरोबर बसली, मूठ वर.

"उशाखाली लोखंड पायजेच," मी म्हणलं. "तुझ्या बाळंतपणाला ही देईन. खिशासकट देईन, बाळाला लागायला नको. पण सव्वा म्हैना झाला की खिशासकट परत पायजे."

"व्हय ताई."

"रोज तेल."

"व्हय."

"आन् लिंबू न्हाई."

"न्हाई ताई." मग ती जरा घुटमळली. "पण बाळंतपण माहेरी, खुटबावला. तिथनं कोण आणून देईल?"

भीमंच्या पल्याड जाणार व्हती तर माझी सुरी.

"मी येईन."

"बाळाला बघायला?" तिचं तोंड खुललं.

"सुरी न्यायला," मी म्हणलं आन् खिसा खिळ्याला अडकवला. "बाळ बी बघंन."